अपूर्ण राहिलेले संगणक-खेळ कसे जपावेत: कॅसेट, फ्लॉपी आणि वहीपासून सुरक्षित प्रतीपर्यंत

१९८० च्या दशकात घरगुती संगणकांसाठी लिहिलेले जे खेळ बाजारात आले, त्यांच्या शेकडो-हजारो कॅसेट विकल्या गेल्या, त्यामुळे एक प्रत खराब झाली तरी दुसरी कुठे ना कुठे सापडते. अर्धवट राहिलेल्या किंवा कधीच प्रसिद्ध न झालेल्या खेळाची मात्र बहुधा एकच प्रत असते, तीही लिहिणाऱ्याच्याच घरात, आणि ती गेली की ताडून पाहायलाही काही उरत नाही. लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअर या कंपनीने ‘बँडरस्नॅच’ नावाच्या खेळाची मोठी जाहिरात केली होती; १९८४ मध्ये कंपनी बुडाली आणि तो खेळ त्या नावाने आलाच नाही, पण त्याच्यावर झालेले काम पुढे ‘ब्राटाकास’ या खेळात वापरले गेले. एवढी जाहिरात झालेल्या खेळाचा माग निदान काढता येतो. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात यावलच्या किंवा अमळनेरच्या एखाद्या घरात कोणी रात्री जागून लिहिलेल्या खेळाची जाहिरात झालेली नसते, परीक्षण छापून आलेले नसते, आणि तो होता हे सांगणारा पुरावा म्हणजे तीच एक कॅसेट.

असे खेळ इथे लिहिले गेले असतील का, असे अनेक जण विचारतात. साधने तर नक्कीच होती. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक भारतात आणला. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून १९८४-८५ पासून बीबीसी मायक्रो हे संगणक शाळांमध्ये पोहोचले. शिवाय आखातातून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकांनी आणलेले स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे घरगुती संगणक होतेच. ही यंत्रे सुरू केली की समोर थेट बेसिक ही संगणकाची भाषा उभी राही, त्यामुळे ज्याच्या हाती यंत्र आले तो थोडाफार कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहायला लागलाच.

पुढील सर्व कृतींमागे एकच नियम आहे: माध्यमावर जे आहे ते आधी जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, अर्थ नंतर लावायचा, आणि दुरुस्ती कधीही पहिल्या प्रतीवर करायची नाही. पूर्ण झालेला खेळ चालला म्हणजे जपला गेला असे म्हणता येते. अपूर्ण खेळाच्या बाबतीत तो न चालण्याची कारणे, मध्येच सोडलेल्या ओळी आणि आधीच्या आवृत्त्यांचे अवशेष हाच खरा ऐवज असतो, आणि उत्साहाने केलेली साफसफाई नेमका तोच पुसते.

शोध आणि पहिली नोंद

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील, आयुध निर्माणीतील आणि पॉलिटेक्निकमधील निवृत्त मंडळी, जुन्या शाळांचे गणित-विज्ञानाचे शिक्षक आणि त्या काळातील रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर यांच्यापासून शोधाला सुरुवात करावी. कॅसेट वेगळी ठेवलेली असेलच असे नाही. ती अहिराणी गाण्यांच्या आणि कीर्तनाच्या कॅसेटच्या डब्यातही सापडते, आणि पुष्कळदा तिच्यावर नाव नसते. टेपरेकॉर्डरवर लावल्यावर आधी काही सेकंद सरळ शिट्टी आणि मग कर्कश खरखर ऐकू आली, तर तो संगणकाचा मजकूर आहे असे समजावे. मात्र ही चाचणी लगेच करू नये. तिची वेळ पुढे येईल. गाण्यांखाली मजकूर पुसला गेला आहे असे सांगितले तरी कॅसेट नाकारू नये, कारण गाणे जिथे संपते तिथून पुढे जुन्या मुद्रणाची (रेकॉर्डिंगची) शेपटी शिल्लक असू शकते.

घरच्यांना एकच विनंती करावी, की आम्ही येईपर्यंत काही पुसू नका, लावून पाहू नका आणि दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात देऊ नका. खोके हाती आल्यावर वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या आहेत त्याचे छायाचित्र आधी घ्यावे. मग प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. तो वस्तूवर न लिहिता पिशवीवर किंवा दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. कॅसेटच्या दोन्ही बाजू, आतला कागद, पुसट पेन्सिलीच्या खुणा, फ्लॉपीचे पाकीट यांची छायाचित्रे मूळ आकारातच साठवावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकसते आणि पेन्सिलीचा आकडा वाचता येईनासा होतो. वस्तू कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती दिवसांसाठी आणि कोणत्या कामासाठी घेतली याचा साधा लेखी कागद दोघांच्या सहीने करावा.

ऊन, धूळ आणि पावसाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक उष्णता साठते. चुंबकीय मजकूर एवढ्या उष्णतेने लगेच पुसला जात नाही, पण कॅसेटचे कवच वाकते, फितीचे थर एकमेकांना चिकटतात, दाबगादीचा, म्हणजे फीत हेडवर दाबणाऱ्या नमद्याचा, गोंद सुटतो आणि फ्लॉपीचे पाकीट वळते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर या वस्तू अर्धा तासही ठेवू नयेत. जून उजाडला की हवा उलट दमट होते आणि बुरशी धरते. सुमारे २० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता ही स्थिती चांगली मानली जाते. घरात ती साधणे कठीण आहे, पण तापमानातील चढउतार कमी ठेवणे शक्य आहे. बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या आतल्या खोलीत, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅसेट उभ्या ठेवाव्यात. जुनी धाब्याची घरे आत गार राहतात, परंतु छतातून माती झिरपते, म्हणून तिथे डब्याचे झाकण घट्ट असणे महत्त्वाचे. फ्रीजमध्ये काहीही ठेवू नये. बाहेर काढताच फितीवर पाणी सुटते. स्पीकर, मोटार आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर यांच्यापासून हातभर अंतर ठेवावे.

कॅसेट उतरवून घेणे

सर्वप्रथम कॅसेटच्या वरच्या कडेवरील प्लॅस्टिकच्या दोन्ही पाकळ्या तोडलेल्या आहेत का ते पाहावे. नसतील तर मालकाच्या परवानगीने तोडाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मुद्रण होणार नाही. नंतर उजेडात फितीची गुंडाळी पाहावी. कडेवर पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे; अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी काढावी, मास्क लावूनच हाताळावी आणि साफ होईपर्यंत चालवू नये, कारण तिचे कण हेडमार्फत पुढच्या कॅसेटवर जातात.

खिडकीतून आत पाहिले की फितीमागे तांब्याच्या पातळ पट्टीवर बसवलेला लोकरी नमद्याचा चौकोनी तुकडा दिसतो. हीच दाबगादी. ती गळून पडली असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. कवच स्क्रूचे असेल तर घड्याळजीकडच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने उघडून, दाबगादी शाबूत असलेल्या कोऱ्या स्क्रूच्या कवचात दोन्ही चकत्या अलगद हलवाव्यात. चिकटवलेले कवच मात्र कडेने जपून फोडावे लागते, आणि हे काम आधी टाकाऊ कॅसेटवर शिकून मगच करावे. जुने कवच, त्यावरील लेबलसह, फेकू नये.

टेपरेकॉर्डर कोणता वापरावा हा कळीचा प्रश्न आहे. चांगल्या स्थितीतील, लाइन-आउट (आवाज तारेने थेट बाहेर देणारी जोडणी) असलेला स्टीरिओ डेक उत्तम. माळ्यावरून काढलेल्या यंत्रातला रबरी पट्टा आपल्याकडच्या उष्णतेत अनेकदा वितळून डांबरासारखा झालेला असतो. तो बदलल्याशिवाय आणि हेड, कॅपस्टन (फीत ओढणारा दांडा) व दाबचाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय मौल्यवान कॅसेट आत घालू नये. यंत्र फीत खात नाही याची खात्री बाजारातल्या साध्या गाण्याच्या कॅसेटवर करून घ्यावी. ज्या टेपरेकॉर्डरवर मूळ मुद्रण झाले तो घरात असेल तर तोही मागून घ्यावा, कारण त्याच्या हेडचा तिरकेपणा आणि फितीवरील मुद्रणाचा तिरकेपणा एकच असतो.

या तिरकेपणामुळेच बहुतेक मुद्रणे ‘खराब’ ठरतात. हेड फितीला काटकोनात नसेल तर आवाजातील बारीक, उंच भाग बोथट होतो आणि संगणकाला ठोका कुठे सुरू झाला ते कळत नाही. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक लहान स्क्रू असतो. त्याची मूळ स्थिती मार्करने खूण करून ठेवावी, मग कॅसेट चालू असताना हेडफोन लावून तो पाव-पाव वळसा फिरवत आवाज सर्वांत कडक आणि स्वच्छ कुठे येतो ते शोधावे. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करावे लागते. अनुभवी कानाला यास दोन मिनिटे लागतात, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालवावे लागणारे कित्येक तास वाचतात.

मुद्रण ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करावे. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद, आवाज सुधारणाऱ्या सर्व सोयी बंद, दोन्ही चॅनेल चालू, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एवढी सोय नसेल तर ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटही चालते. आवाजाचे टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवावे. ते वर कापले गेले तर ती माहिती परत मिळत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, म्हणजे चार्जरची घरघर मिसळत नाही. डेक मात्र विजेवरच चालतो, त्यामुळे गावातील भारनियमनाची वेळ पाहून काम लावावे. इन्व्हर्टरवर डेक चालवल्यास मुद्रणात गुणगुण उतरण्याची शक्यता असते. फाइल वॅव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. एमपी३ करू नये, कारण त्यात माणसाच्या कानाला न जाणवणारा भाग टाकून दिला जातो आणि संगणकाला नेमका तो भाग लागू शकतो. मोबाइलचा माइक टेपरेकॉर्डरपुढे धरून केलेले मुद्रण तर या कामाला निरुपयोगी आहे.

संपूर्ण बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या शांततेसह उतरवावी, आणि शक्य असल्यास दोनदा उतरवावी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल या प्रमाणात एका मिनिटाला सुमारे ३४.६ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण २ गिगाबाइट. आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने ही जागा काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी काहीही कापू नये.

आवाजातून खेळ बाहेर काढणे

स्पेक्ट्रमचे उदाहरण घेऊ. त्याचा झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो. कॅसेटवर आधी सुमारे ८०७ हर्ट्झची शिट्टी येते. शीर्षकासाठी (मजकुराचे नाव व लांबी सांगणाऱ्या छोट्या खंडासाठी) ती जवळपास ५ सेकंद आणि मजकुरासाठी सुमारे २ सेकंद वाजते. त्यानंतर शून्याचा बिट सुमारे ०.४९ मिलिसेकंदांचा आणि एकाचा बिट त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ०.९८ मिलिसेकंदांचा. लांब ठोका आणि आखूड ठोका ओळखणे एवढेच संगणकाचे काम असते. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक तपासणी-बाइट असतो, जो आधीचे सर्व बाइट एक्सॉर या बिटनिहाय गणिती क्रियेने एकत्र करून काढलेला असतो. फ्यूज या एम्युलेटरसोबतची (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबतची) साधने अशा मुद्रणातून टॅप किंवा टीझेडएक्स फाइल तयार करतात. बीबीसी मायक्रोच्या कॅसेटसाठी यूईएफ हे स्वरूप वापरले जाते. तिथे मजकूर २५६ बाइटपर्यंतच्या छोट्या खंडांत असतो आणि प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र होते, त्यामुळे फितीला एका जागी सुरकुती पडली तरी बाकीचे खंड शाबूत मिळतात. स्पेक्ट्रमवर मात्र एका सुरकुतीने सगळा खंड अवैध ठरतो.

तपासणी जुळली नाही तर घाई करू नये. आधी डावा चॅनेल, मग उजवा चॅनेल वेगळा करून पाहावा. फितीच्या एका कडेला इजा असेल तर दुसरीकडचा आवाज पुष्कळदा शुद्ध असतो. मग दुसऱ्या मुद्रणातून तोच खंड काढून दोन्ही बाइट-बाइट ताडावेत, आणि जिथे फरक पडतो तिथे तरंगाकृती मोठी करून डोळ्यांनी ठोका मोजावा. अशा प्रकारे सुधारलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवावी आणि कितवा बाइट कशावरून बदलला ते सोबतच्या मजकूर-फाइलमध्ये लिहावे. तपासणी जुळावी म्हणून अंदाजाने बाइट बदलणे ही बनावट आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

खंड मिळाले की त्यांची यादी वाचण्यात खरा आनंद आहे. यावल तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या कॅसेटवर केळीचे घड मालगाडीच्या वाघिणीत भरण्याचा एक खेळ आहे. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाणारी केळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याची कल्पना लगेच कळेल. शीर्षकांत ‘केळी१’, ‘केळी२’ आणि ‘केळी४’ अशी रोमन अक्षरांतील नावे आहेत. तिसरी आवृत्ती नाही. ती दुसऱ्या कॅसेटवर असेल, किंवा तिच्यावरच चौथी मुद्रित झाली असेल. म्हणून ‘केळी४’ संपल्यानंतरची फीतही तपासणे भाग होते.

इथे स्पेक्ट्रमचा एक गुणधर्म ठाऊक असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. बेसिकमधील कार्यक्रम सेव्ह करताना त्याच्याबरोबर त्या क्षणी स्मृतीत असलेली सर्व व्हेरिएबल्सही (कार्यक्रम वापरत असलेल्या बदलत्या किमती) फितीवर जातात. शीर्षकात संपूर्ण खंडाची लांबी आणि निव्वळ कार्यक्रमाची लांबी असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे व्हेरिएबल्स. ‘केळी४’मध्ये पातळीचा आकडा ३ साठवलेला आहे, पण तिसऱ्या पातळीच्या ओळी पाहिल्या तर तिथे फक्त एक रेम (शेऱ्याची) ओळ आणि वाघिणीचे अर्धे चित्र आहे. म्हणजे लेखकाने पातळीचा आकडा हाताने ३ करून, गो टू देऊन थेट त्या ठिकाणी उडी मारली होती, आणि तिथेच काम थांबवून सेव्ह केले होते. एखाद्या माणसाचे काम नेमके कुठे थांबले हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही कागदावरून समजले नसते. आता हाच कार्यक्रम एम्युलेटरमध्ये उघडून सवयीने रन (कार्यक्रम चालवण्याची आज्ञा) दिले, तर रन सर्व व्हेरिएबल्स पुसून टाकते. आणि त्यानंतर फाइल पुन्हा सेव्ह केली तर हा पुरावा नव्या फाइलमधून कायमचा जातो. म्हणून खंड आधी बाहेरच्या साधनाने वाचावेत. लोड होताच आपोआप सुरू होणारा कार्यक्रम थांबवायचा असेल तर लोडऐवजी मर्ज वापरावे, आणि ही सर्व कामे नेहमी दुय्यम प्रतीवरच करावीत.

आणखी एक उपयुक्त खूण. खेळ चालू केल्यावर पडद्यावर चित्रांच्या जागी ए, बी, सी अशी मोठी रोमन अक्षरे दिसू लागली, तर लेखकाने आखलेली चित्राक्षरे लोड झालेली नाहीत असे समजावे. ४८ के स्पेक्ट्रमवर अशी २१ चित्राक्षरे असतात, प्रत्येकी ८ बाइटची, म्हणजे एकूण १६८ बाइट, आणि ती सहसा स्मृतीतील ६५३६८ या पत्त्यापासून बसतात. म्हणून फितीवर कुठेही १६८ बाइटचा खंड आढळला तर तो बहुधा या खेळाची चित्रे आहे, मग त्याचे नाव काहीही असो. त्याचप्रमाणे ६९१२ बाइटचा खंड म्हणजे संपूर्ण पडद्याचे चित्र.

फ्लॉपी

बीबीसी मायक्रोच्या सव्वापाच इंची फ्लॉपी शाळांच्या कपाटांत अजूनही सापडतात. कडेची खाच लेखनरोधक पट्टीने झाकूनच पुढे जावे. आजच्या लॅपटॉपला त्या थेट वाचता येत नाहीत. त्यासाठी जुना फ्लॉपी ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखे छोटे यंत्र लागते, जे फाइल न वाचता चकतीवरील चुंबकीय बदलांच्या वेळा जशाच्या तशा टिपते. प्रत्येक ट्रॅकच्या किमान तीन फेऱ्या टिपाव्यात आणि ती कच्ची प्रत मूळ मानावी; एम्युलेटरसाठी लागणारी एसएसडी नावाच्या स्वरूपातील फाइल तिच्यातून नंतर तयार करता येते. नुसत्या फाइल कॉपी करून समाधान मानू नये. बीबीसीच्या साध्या डिस्क-व्यवस्थेत एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइल मावत, म्हणून लोक जुन्या आवृत्त्या पुसत असत. परंतु पुसताना यादीतील नाव तेवढे जाते आणि मजकूर नवा लेख वर येईपर्यंत तिथेच राहतो. अपूर्ण खेळाची आधीची आवृत्ती अशा ‘रिकाम्या’ जागेतच मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे हेड तपासून पुसावे. तपकिरी रेघ दिसली तर थांबावे, कारण चकतीचा लेप निघू लागला आहे.

मूळ संगणक सापडला तर तो लगेच विजेला जोडू नये. बीबीसी मायक्रोच्या मूळ वीजपुरवठ्यातील कागदी फिल्टर-कपॅसिटर इतक्या वर्षांनी धूर सोडत फुटतात. खेळ जपण्यासाठी मूळ यंत्र चालूच झाले पाहिजे असे नाही.

वह्या, छापील याद्या आणि आठवणी

कधी कधी कॅसेट पूर्ण वाया गेलेली असते आणि खेळ वहीत शिल्लक असतो. गणिताच्या चौकटीच्या वहीत ८ बाय ८ चौकोन आखून, काही घरे पेन्सिलीने भरून, प्रत्येक ओळीची बेरीज समासात लिहिलेली आढळली तर ती चित्राक्षरे आहेत. डावीकडून घरांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ धरल्या की ००११११०० ची बेरीज ६०, ०१००००१० ची ६६. अशा आठ बेरजा म्हणजे एक चित्र, आणि त्या जशाच्या तशा टंकित केल्या की चित्र पडद्यावर उभे राहते. खोडलेली घरेही नोंदवावीत. वह्या ४०० डीपीआयला, रंगीत, कोरी पाने न वगळता स्कॅन कराव्यात. सुटी चिठ्ठी ज्या पानात होती त्या पानाचा क्रमांक लिहावा. थर्मल कागदावरील छापील यादी उष्णतेने काळी पडते किंवा उडते, म्हणून तिचे काम सर्वांत आधी घ्यावे आणि तिला लॅमिनेशन कधीही करू नये. यादीवरून कार्यक्रम पुन्हा टंकित करणे योग्यच आहे, मात्र त्या फाइलच्या नावातच ती टंकित प्रत असल्याचे नमूद करावे.

लेखक हयात असतील तर त्यांच्याशी बोलणे हे कॅसेटइतकेच तातडीचे आहे. “आप्पा, हा खेळ तुम्ही पूर्ण का केला नाही?” असा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला की माणूस संकोचतो. त्याऐवजी त्यांच्यासमोर स्कॅन केलेले पान किंवा एम्युलेटरवरील पहिला पडदा ठेवावा आणि “आप्पा, इथून पुढे काय करायचं होतं?” असे विचारावे. बोलणे त्यांच्या सोयीच्या भाषेत, अहिराणीत किंवा लेवा बोलीत, होऊ द्यावे आणि परवानगीने मुद्रित करावे. आठवणीतील वर्ष हे वर्ष म्हणून न नोंदवता ‘लेखकाच्या आठवणीनुसार’ असे नोंदवावे. कॅसेटचा बनावटीचा प्रकार, मागे छापलेल्या वर्तमानपत्राची तारीख, दहावीच्या निकालाचा उल्लेख अशा बाह्य खुणांशी ते ताडता येते.

चालवून पाहणे आणि वर्णन लिहिणे

स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, कमोडोर ६४ साठी व्हाइस आणि बीबीसीसाठी बीबएम ही मोफत एम्युलेटर पुरेशी आहेत. यंत्राचा नेमका प्रकार, एम्युलेटरची आवृत्ती आणि केलेली कृती लिहून ठेवावी, पडद्याचे मुद्रण करावे आणि काय चालते, कुठे अडकते, कोणती त्रुटी कोणत्या ओळीवर येते हे साध्या वाक्यांत नोंदवावे. ‘खराब फाइल’ आणि ‘अपूर्ण खेळ’ यांतील फरक इथेच ठरवावा लागतो. तपासणी-बाइट जुळतो आणि तरीही खेळ ठरावीक ओळीवर थांबतो, तर ती लेखकाची सोडलेली जागा आहे. तपासणी जुळत नसेल तर दोष फितीचा असू शकतो. खेळ पुढे पूर्ण करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि लेखकाची संमती असेल तर ते जरूर करावे, पण तो नवा खेळ आहे. त्याचे नाव, तारीख आणि पूर्ण करणाऱ्याची ओळख वेगळी हवी.

प्रती कुठे ठेवाव्यात

प्रत्येक खेळासाठी एक फोल्डर करावे: कच्ची मुद्रणे, त्यांतून काढलेल्या फाइल, सुधारित फाइल, छायाचित्रे व स्कॅन, आणि वर्णनाची साधी मजकूर-फाइल. वर्णन मराठीत युनिकोडमध्ये लिहावे. फाइलची नावे मात्र रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत, म्हणजे जुन्या-नव्या कोणत्याही यंत्रावर ती मोडत नाहीत. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा) काढून यादीत जोडावा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडावा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. तीन प्रती, किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. जळगावचे घर आणि पुण्यातील मुलगी अशी विभागणी बहुतेक कुटुंबांत सहज जमते. कपाटात वर्षानुवर्षे न जोडता पडलेला पेनड्राइव्ह ही एकमेव प्रत कधीही असू नये.

हक्क आणि प्रकाशन

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार संगणक-कार्यक्रम ही साहित्यकृती समजली जाते, आणि लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो; हयातीत प्रसिद्ध न झालेल्या कृतीची ६० वर्षे प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात. खेळ प्रसिद्ध झाला नाही म्हणून तो बेवारस ठरत नाही. कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला सुरक्षेसाठी राखीव प्रत करण्याची मुभा कायदा देतो, परंतु इंटरनेटवर ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला हक्कधारकाची परवानगी लागते. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कार्यक्रमाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे असतो. शाळेच्या यंत्रावर सुट्टीत हौसेने लिहिलेल्या खेळाचे उत्तर तितके सरळ नसते, म्हणून अशा वेळी शाळेचेही पत्र घ्यावे. लेखक हयात नसतील तर सर्व वारसांची संमती घ्यावी, एकाचीच नव्हे.

परवानगीपत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: प्रत जपण्यास, अभ्यासकांना दाखवण्यास आणि सर्वांसाठी खुली करण्यास. पहिल्या दोनांना होकार आणि तिसऱ्याला नकार मिळाला तरी काम पूर्ण करावे. अनेक लेखक चालू खेळ पाहिल्यावर काही महिन्यांनी स्वतःहून तिसरी संमती देतात. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला घरातील बोलणे, बाळाचे रडणे, कोणाचे पत्र वाचून दाखवणे असे खासगी मुद्रण असेल तर ते कच्च्या प्रतीत राहू द्यावे, कुटुंबाला त्याची स्वतंत्र प्रत द्यावी आणि खुल्या प्रतीत घेऊ नये. संमती मिळाल्यावर इंटरनेट आर्काइव्हवर खेळाची फाइल, वर्णन, स्कॅन आणि फ्लॅक मुद्रण एकत्र चढवावे. नुसती खेळाची फाइल चढवली तर पुढच्या अभ्यासकाला आपले कोणतेही अनुमान तपासता येत नाही. मूळ कॅसेट, वही आणि काढलेले जुने कवच क्रमांकानुसार मोजून मालकाला परत करावे, सोबत पेनड्राइव्हवर प्रत आणि वस्तू कशा ठेवाव्यात याची एका पानाची सूचना द्यावी, आणि परत दिल्याची सही पहिल्या दिवशीच्या त्याच कागदावर घ्यावी.